झाकणाखालची लाख

मोटारीच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच चुकलो, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. ते खरं नाही. चुका पुष्कळ झाल्या, पण बाकीच्या चुकांत फक्त मोटारीचं नुकसान झालं. ही एक वेगळी होती, म्हणून ती सांगतो.

लढाईची वर्षं होती. मी धुळ्याला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर हा शब्द मला तेव्हा आवडत नसे. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी ऑइल इंजिनावर सहा वर्षं काढली होती, पिस्टन उघडले होते, बसवले होते, आणि माझ्या मते मी इंजिनातला जाणकार होतो. मोटार हाकणं हा त्यातला किरकोळ भाग. डॉक्टर चारचौघांत 'आमचा ड्रायव्हर' म्हणाले की मी मनातल्या मनात दुरुस्ती करून घेई.

मोटारीवर आणखी एक माणूस होता. त्याला सगळे आबा म्हणत. डॉक्टरांच्या वडिलांच्या काळापासून आबा टांग्यावर होते. पुढे टांगा गेला, घोडी विकली, मोटार आली. आबा मात्र राहिले. मोटार पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, हँडल मारायचं आणि पेट्रोलचे डबे ठेवलेल्या खोलीची किल्ली सांभाळायची, एवढं त्यांचं काम. ती किल्ली ते करगोट्याला बांधून ठेवत. वय साठीच्या पुढे, आवाज बारीक, आणि हँडल मारण्याआधी मडगार्डवर दोन थापा मारायची सवय. त्या थापांना मी रोज हसायचो. आबांना त्याचं काही वाटत नसे.

पेट्रोल कुपनावर मिळायचं. डॉक्टर म्हणून आम्हाला इतरांपेक्षा जरा बरं मिळे, तरी महिना संपायच्या आत डबे वाजायला लागत. त्यात चैत्र लागला. धुळ्याचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. दुपारी मोटारीजवळ गेलं की टाकीच्या झाकणापाशी पेट्रोलचा वास यायचा. जिनिंगच्या तेलकोठीत मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की वास आला म्हणजे माल चाललाय. तिथे प्रत्येक पिंपाच्या बुचाला आणि प्रत्येक डब्याच्या तोंडाला आम्ही लाख वितळवून लावायचो. कोठीवाला नाक लावून तपासायचा आणि वास आला तर सगळ्यांदेखत शिव्या घालायचा.

आमच्या मोटारीची टाकी समोरच्या काचेच्या पुढे होती आणि तिच्या झाकणात मधोमध सुई जाईल एवढं भोक होतं. कारखानदाराने हे भोक कशाला ठेवलं असेल, असा प्रश्न मला पडला. उत्तरही लगेच मिळालं. विलायतेत ऊन नसतं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत खानदेशात पेट्रोल उडून जातं ते. मी टपालाच्या पार्सलला लावतात ती लाख आणली, वितळवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूने ते भोक बुजवून टाकलं. आतून अशासाठी की बाहेरून झाकण चकचकीत राहावं. वास बंद झाला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "डोकं आहे तुला." त्या दिवसापासून मी ते डोकं जरा ताठच धरून चालायला लागलो.

गावातल्या गावात मोटार उत्तम चालली. डॉक्टरांच्या फेऱ्या मैल-दीड मैलाच्या. शिवाय पेट्रोल मोजायला मी उठता-बसता झाकण उघडून काठी घालायचो. उन्हाळा, पावसाळा असाच गेला. गणपती झाले आणि डॉक्टरांनी पारोळ्याला बाजाराच्या दिवशी दवाखाना सुरू केला. धुळ्याहून वीस-बावीस मैल. सकाळी निघायचं आणि बाजार उठला की परत यायचं.

पहिल्याच फेरीला फागणं गाव मागे पडलं न पडलं तोच मोटारीने दोन आचके दिले आणि थांबली. मोटार थांबली की पेट्रोल आहे का हे आधी पाहायचं, हा नियम. मी झाकण उघडलं, काठी घातली. अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं. झाकण लावलं, एक प्लग काढून पुसला, परत बसवला. आबांनी मडगार्डला थापा मारल्या आणि हँडल फिरवलं. मोटार लागलीच सुरू झाली.

"प्लग," मी डॉक्टरांना म्हणालो.

पुढे पाच-सहा मैलांवर, मुकटीपाशी, पुन्हा तेच. मी झाकण उघडून काठी घातली, पेट्रोल होतं. या वेळी कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारली. मोटार सुरू. मी म्हणालो, "कचरा होता." पारोळ्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबली तेव्हा पेट्रोल पाहून झाल्यावर मी नुसतीच एक वायर काढून पुन्हा लावली. तेवढ्यानेही सुरू झाली.

असं तीन बाजार चाललं. गंमत अशी की कोणताही उपाय फुकट जात नव्हता. मी प्लग बदलले, गुण आला. एकदा डॉक्टरांनी बॉनेटवर गार पाणी ओतायला सांगितलं, गुण आला. एकदा रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीवानाने उतरून पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, त्यालाही गुण आला आणि तो माझ्याकडे दयेने बघत निघून गेला. प्रत्येक उपाय पाच-सहा मैल टिकायचा. डॉक्टर म्हणाले, "माझेही काही पेशंट असेच आहेत. काहीही द्या, चार दिवस बरे असतात." मला ते लागलं. त्यांच्या रोग्यांशी माझ्या इंजिनाची तुलना मला पसंत नव्हती.

आबांचं स्वतःचं निदान होतं. ते त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं आणि नंतर बदललं नाही.

"भाऊ, तिले दम लागस. जराशी उभी राहिनी, वारा लिधा, का चालस."

"आबा, ही घोडी नाही."

"मी कोठे घोडी म्हनं?"

मी डॉक्टरांकडे बघून हसलो. डॉक्टरही हसले. आबा रेडिएटरचं पाणी बघायला गेले. त्या माणसाने मला सबंध आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि मी त्याला टांगेवाला म्हणून बाजूला सारलं.

चौथ्या बाजारी मोटार पारोळ्यातच, किल्ल्याच्या खंदकापाशी, ऐन गर्दीत बंद पडली. त्या दिवशी आधीच वाटेत तीनदा थांबलो होतो. दवाखान्यापुढे बसलेले लोक कंटाळून उठले होते आणि आम्हाला शोधत तिथवर आले होते. एका बाईच्या कडेवर तापलेलं मूल होतं. डॉक्टर खाली उतरले. ते फार क्वचित चिडत, पण चिडले की आजूबाजूचं भान ठेवत नसत.

"तू स्वतःला फिटर म्हणवतोस," ते म्हणाले. "आज कारण सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

भोवती शंभरेक माणसं उभी. मिरच्या विकायला बसलेल्या बायासुद्धा माना वर करून बघत होत्या. माझ्याजवळ कारण नव्हतं. 'मला कळत नाही' हे तीन शब्द मी म्हणायला हवे होते. इंजिनावर काढलेल्या इतक्या वर्षांत ते मी कधी म्हटले नव्हते आणि तेव्हाही आले नाहीत. आबा माझ्या शेजारीच होते. त्यांच्या धोतराला रॉकेलचा वास येत होता. त्या दिवसांत पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून विकण्याच्या गोष्टी गावोगाव चालल्या होत्या. मी म्हणालो, "साहेब, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. रॉकेल पडलंय त्यात."

आरोप मी केला नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. पण पेट्रोलच्या खोलीची किल्ली एकाच्याच कमरेला होती, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि ते त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

डॉक्टरांनी आबांकडे वळून जोरात श्वास घेतला. वास त्यांनाही आला.

आबा म्हणाले, "साहेब, तो कंदीलना वास शे. सकायमा कंदील पुसात मी. मी चोर नही शे."

गर्दीत कुणीतरी हसलं. डॉक्टर म्हणाले, "वडिलांच्या वेळचे म्हणून मी पोलिसांना सांगत नाही. किल्ली द्या." आबांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती दाताने तोडली आणि किल्ली डॉक्टरांच्या हातावर ठेवली. त्यांचं गाव पारोळ्याच्या रस्त्यावरच, मुकटीच्या अलीकडे होतं. ते तिथूनच पायी घरी गेले. मी तोवर सवयीप्रमाणे झाकण उघडून काठी घातली होती. मोटार सुरू झाली आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्यानंतर पेट्रोल मी स्वतः भरू लागलो आणि किल्ली माझ्याकडे आली. पुढच्या बाजारी मोटार फागण्यापुढे बंद पडली. आता रॉकेल कोण घालत होतं? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जुनं रॉकेल टाकीच्या तळाला बसलंय साहेब. उतरायला वेळ लागेल." मी टाकी उतरवून धुतली, वाळवली. झाकणही धुतलं, फडक्याने पुसलं, आणि लाख शाबूत आहे ना हे अंगठ्याने दाबून पाहिलं. शाबूत होती. मला समाधान वाटलं. तिकडे पारोळ्याच्या बाजारात आबांना लोक रॉकेलवाला म्हणू लागले होते. हे मला एका कांदेवाल्याने हसत हसत सांगितलं.

दिवाळी तोंडावर आली. घरी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा आणला. एका दुपारी बायको फराळाचं करायला बसली आणि मला म्हणाली, डबा फोडून द्या. मी खिळा आणि हातोडी घेऊन कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरका केला. तेल दोनदा डबक डबक करून पडलं आणि थांबलं. मी डबा हलवला. आणखी थोडं पडलं, पुन्हा थांबलं.

बायको झारा हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आहो, दुसरं भोक पाडा ना. मजार वारा नही गया ते तेल बाहेर कसं निघी? इतलं बी समजत नही का?"

डब्याला दोन भोकं पाडायची, एक तेलाला आणि एक हवेला, हे खानदेशात चूल पेटवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. तेलकोठीत मी शेकडो डबे असे फोडले होते. मी हातोडी खाली ठेवली आणि तसाच अनवाणी मोटारीच्या शेडकडे गेलो. बायको मागून विचारत होती की डबा कुणी फोडायचा.

झाकण उलटं केलं. लाख तिथेच होती, लालबुंद, गुळगुळीत. फारच सुबक काम केलं होतं मी. टाकीतलं पेट्रोल खाली जात होतं आणि त्याच्या जागी आत जायला हवेला वाटच नव्हती. पाच-सहा मैलांत पेट्रोल वाहायचं थांबायचं. मी पेट्रोल पाहायला झाकण उघडलं की हवा आत जायची, आणि मग मी पुढे जे काही करीन त्याला गुण यायचा. प्लगला यायचा, गार पाण्याला यायचा, लिंबू-मिरचीला यायचा. आबांना घालवण्यालाही आला होता. मी दाभण तापवून लाख काढली आणि मोटार एकटाच घेऊन मुकटीच्या पुढपर्यंत जाऊन आलो. ती एकदाही थांबली नाही. येताना आबांच्या गावावरून गेलो, पण मीही थांबलो नाही.

डॉक्टरांना सांगायला मला पाच दिवस लागले. दवाखान्याच्या आतल्या खोलीत, दार लोटून घेऊन सांगितलं. मला वाटलं ते मला काढून टाकतील. ते हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे एवढ्याशा लाखेने आपल्याला महिनाभर नाचवलं," ते म्हणाले. "बरं झालं, दुखणं सुटलं."

"साहेब, आबा."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "हो," ते म्हणाले. "त्यांना निरोप पाठव. म्हणावं, यायचं तर या." आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला त्यांनी घंटी वाजवली.

निरोप मी स्वतः नेला. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी लाखेपासून तेलाच्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी दोर वळायचं थांबवलं नाही. पूर्ण ऐकून घेतल्यावर म्हणाले, "साहेबले हाई कोठे सांगं तू?"

"दवाखान्यात. आतल्या खोलीत."

"आनि माले चोर म्हनात ते कोठे?"

ते मला माहीत होतं.

"माले नोकरी नको भाऊ," आबा म्हणाले. "मन्ही नात बजारमा गयी, ते पोरी तिले म्हनतस रॉकेलवालानी नात. तू बठ्ठा लोकेसमा सांग. जठे बोलना तठेच सांग."

ते मागत होते ते एवढंच, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी शब्द दिला. मनातून मला भीती वाटत होती. फिटर म्हणून माझं हसं होणार, पुढे मला कुणी मोटारीला हात लावू देणार नाही, अशी चित्रं डोळ्यांपुढे येत होती. त्यासाठी मी मनाची तयारी केली. जे झालं त्याची तयारी मात्र मी केली नव्हती.

बाजाराचा दिवस आला. मोटार धुळ्याहून थेट पारोळ्याला गेली, कुठेही न थांबता. मी ती खंदकापाशीच उभी केली. आबा आले होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, सोबत नात. मी मोटारीच्या पायरीवर चढलो आणि मोठ्याने सांगितलं की रॉकेल कुणी घातलं नव्हतं, भोक मी बुजवलं होतं, चूक माझी आहे आणि हा माणूस चोर नाही. पुरावा म्हणून झाकण दाखवलं, कागदात गुंडाळून आणलेला लाखेचा तुकडा दाखवला. झाकण हातोहात गर्दीत फिरलं. लोकांनी भोकातून एक डोळा मिटून आकाश बघितलं.

"इतलासा भोकवरी मोटर बंद पडस?" एक आडत्या म्हणाला आणि हसला.

मी पुन्हा समजावून सांगितलं. तेलाच्या डब्याचा दाखला दिला. बाया मान हलवत होत्या, पण त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. मग मागून एक म्हातारा स्पष्ट म्हणाला, "ड्रायव्हर देवमानूस शे. बुढाना गुन्हा सोताना आंगवर लई राहिना."

ते सगळ्यांना पटलं. रॉकेल मिसळलं तर मोटार थांबते, हे समजण्यासारखं होतं. जाणता फिटर स्वतःच्या हाताने मोटारीचं नाक बुजवतो, हे समजण्यासारखं नव्हतं. मी शपथ घेतली. शपथ ऐकून लोक आणखी हळहळले. मी जितकं ओरडून सांगू लागलो तितका मी त्यांच्या लेखी मोठा होत गेलो. शेवटी डॉक्टर पुढे आले. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गर्दीचं कौतुक ऐकून त्यांचाही ऊर भरून आला असावा, किंवा भर बाजारात आपण एका निरपराध माणसाला घालवलं हे कबूल करण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आबांना म्हणाले, "झालं ते झालं आबा. मी तुम्हाला माफ केलं. उद्यापासून कामावर या."

लोक म्हणाले, वा.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

"साहेब, माफ कसाले करतस? मी करेल काय शे?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आबा नातीचा हात धरून गर्दीतून वाट काढत गुरांच्या बाजाराकडे निघून गेले. ते पुन्हा कामावर आले नाहीत. दोन वर्षांनी ते वारल्याचं मला रस्त्यात कळलं, तेव्हा मोटारीत डॉक्टरांचे पाहुणे होते आणि मला थांबता आलं नाही.

लढाई संपल्यावर मी डॉक्टरांची नोकरी सोडली. एकदा जळगावहून सर्व्हिस मोटारीने धुळ्याला येत होतो. दाटीवाटीने बसलो होतो. पारोळ्याला एक जण चढला, त्याला माझ्या शेजारी खिडकीशी जागा मिळाली आणि वेळ घालवायला त्याने मला एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. एका चोर म्हाताऱ्याची अब्रू वाचवायला त्या भल्या माणसाने भर बाजारात स्वतःवर आळ घेतला होता म्हणे. मी त्याला म्हणालो, तो ड्रायव्हर मीच, आणि म्हातारा चोर नव्हता. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. चैत्रातला वास, लाख, काठी, तेलाचा डबा, काही वगळलं नाही. त्याने ते फार लक्ष देऊन ऐकलं. माझं बोलणं संपल्यावर तो उठला, मला हात जोडले आणि खिडकीजवळची जागा मला दिली.